नोकरीची सवत

"बाबा, तुम्ही तिला मुद्दाम चुकीचं शिकवताय ना?"

प्रश्न तिचा नव्हता. एवढं विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. आणि हल्ली तिला कुणी 'दाखव' म्हटलं की ती दाखवायचीच. शाळेच्या वादविवाद संघाची कॅप्टन झाल्यापासून पोरीच्या जिभेला धार आलीय, असं आई म्हणायची. कौतुकानं की वैतागानं, ते त्या दिवसावर अवलंबून.

बाबांनी हेडफोन मानेवर ओढला. "कुणाला?"

"सवतीला. तुमच्या नोकरीच्या."

हे नावही मैत्रिणींचंच. बाबांची नोकरी समुद्रापलीकडच्या एका ऑफिसकडे चालली होती आणि ती घेणारी मुलगी रोज दुपारी त्यांच्या स्क्रीनवर यायची. तिला शिकवायचे कोण, तर खुद्द बाबा. औषधांच्या ऑर्डरी घेणारी यंत्रणा कशी चालते, कुठे अडते, अडली तर काय करायचं, सगळं, तेही इंग्रजीतून. 'ही तयार झाली' असं बाबांनी कळवलं की बाबांचं काम संपलं. मग कंपनीचं हे घर सोडायचं, आजोळी जायचं, भर वर्षात शाळा बदलायची. आणि नव्या शाळेत गेल्या गेल्या तिला कोण कॅप्टन करणार?

"मी नीटच शिकवतो," बाबा म्हणाले. "पोरगी हुशार आहे गं. पण परीक्षेचं रेकॉर्डिंग सुरू झालं की तिचं काय बिनसतं, कोण जाणे."

बिनसतंय तेच बरंय, असं अगदी तिच्या ओठांवर आलं होतं.

शाळेला सुट्टी होती. कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी ती बाबांच्या मागे पलंगावर मांडी ठोकून बसली. आज उलट परीक्षा होती. म्हणजे सवतीनं शिकवायचं आणि बाबांनी काहीच येत नसल्यासारखं ऐकायचं. गेल्या वेळी सवत यात सपशेल आपटली होती.

"ऑर्डरी तुंबल्या," बाबा म्हणाले. "आधी काय करायचं?"

सवत विशीतली, चष्मेवाली. तिनं छताकडे पाहिलं. "यंत्रणा बंद करून परत सुरू करायची, सर."

"म्हणजे अडकलेल्या सगळ्या ऑर्डरी दोनदा जाणार. अगं, हे किती वेळा बोललो आपण?" बाबांचा आवाज चढला नाही, नुसता दमला. "उद्या शेवटची संधी आहे तुला. माहितीये ना?"

"हो, सर. सॉरी, सर."

मागे पलंगावर तिनं दोन्ही मुठी हवेत नाचवल्या. लगेच मैत्रिणींना कळवूनही टाकलं: सवतीची पुन्हा दांडी गुल.

बाबांनी रेकॉर्डिंग थांबवलं, "चहा टाकून आलो," म्हणाले आणि आत गेले. कॉल चालूच होता. अर्धं काम केव्हाच तिकडे गेलं होतं, त्यामुळे सवतीच्या मागे तिच्या ऑफिसची लगबग ऐकू येत होती. तेवढ्यात तिकडून कुणीतरी हाक मारली. "ए, ऑर्डरी अडकल्यात. मी रीस्टार्ट मारतोय."

"हात लावू नकोस," सवत गर्रकन वळली. या वेळी छताकडे नाही पाहिलं. "नव्या ऑर्डरी थांबव आधी. रांगेत सगळ्यात पुढे कोणती ऑर्डर अडून बसलीय? ती एकटी बाजूला काढ. आता सोड रांग. सुटली? एकही दोनदा गेली नाही ना? मग जा, जेव आता."

पलंगावरच्या मुठी कधीच्या खाली आल्या होत्या. ती उठली आणि थेट कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्हाला येतंय की हे."

सवत दचकली. मग चष्म्याआडून हसली. "तू कॅप्टन ना?"

"तुम्ही मुद्दाम चुकता?"

"सर एकदा बोलून गेले. पोरगी पाहुणे आले की पडद्यामागे लपायची, आत्ता कुठे तोंड उघडायला लागलीय, हे वर्ष तेवढं तिला इथे मिळालं असतं तर बरं झालं असतं. बस, एकदाच म्हणाले. त्यांना सांगू नकोस हं, लगेच पास करतील मला."

"आणि उद्याही चुकलात तर?"

"मला काढतील. दुसरी कुणीतरी येईल." सवतीनं खांदे उडवले. "तिला पहिल्यापासून शिकवावं लागेल ना. तोवर तुझं वर्ष होऊन जाईल."

बाबांच्या चपला वाजल्या. ती पलंगावर परत गेली. मैत्रिणी फोनवर विचारत होत्या, काय म्हणाले बाबा, बोल ना. तिनं फोन पालथा ठेवला.

वादविवादाच्या आधी ती नेहमी समोरच्या बाजूचे मुद्दे लिहून काढायची आणि एकेक खोडायची. आज समोरच्या बाजूला एकच मुद्दा होता. संध्याकाळभर घोळवूनही तो काही खोडता येईना.

"कॅप्टनसाहेबांचं आज मौनव्रत दिसतंय," जेवताना आई म्हणाली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. आपण आजोळी जायचं. तिकडच्या शाळेतही तोंड आहेच मला."

"हे काय मधूनच?" बाबांचा घास हातातच राहिला.

"मधून नाही. उद्या परीक्षेत ती पुन्हा चुकेल, बाबा. तरी तिला पास करा."