दुसरी रांग

होडी चिलिका सरोवराच्या पाण्यावरून सरकत होती आणि कुंतला बसल्या जागी पेंगत होती. सहा वर्षांची झिली तिच्या मांडीवर झोपली होती. पेंगतानाही कुंतलाची बोटं लेकीच्या मनगटांभोवती घट्ट होती. सोडली, की झिली खाजवून खाजवून रक्त काढायची. पाच वर्षं हेच चाललं होतं. सलग झोप कशी असते ते कुंतला विसरून गेली होती. आज धुक्यात पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, ते तिला कळेना. इंजिनाचा आवाज दुसऱ्याच कुठल्या तरी होडीतून यावा तसा येत होता.

नवरा, बिद्याधर, आज पहिल्यांदाच बरोबर आला होता. त्याच्या वहिनीने त्याला सकाळी सुनावलं होतं, "पाण्याखालचे मासे दिसतात तुला. समोर बायको वाळत चाललीय, ती नाही दिसत."

इस्पितळात नेहमीसारख्या दोन रांगा होत्या. डावीकडे कातडीचे डॉक्टर, उजवीकडे बायकांच्या डॉक्टरीणबाई. दोघंही बुधवारीच यायचे. दर महिन्याला कुंतला डावीकडे उभी राहून उजवीकडे बघायची. झिलीचा नंबर लागून औषधं हातात येईपर्यंत उजवीकडची खिडकी बंद व्हायची, आणि धक्क्यावर परतीची होडी वाट बघत असायची.

"आण तिला इकडे," बिद्याधर झिलीला कडेवर घेत म्हणाला. "मी थांबतो. तू तुझी दुखरी पाठ दाखवून ये."

"तुम्हाला काय सांगता येणार? कुठलं मलम कधी लावायचं, ते तरी ठाऊक आहे का?"

"पांढरं आंघोळीनंतर, पिवळं झोपताना. सुकी मासळी बंद," झिलीच बापाच्या कडेवरून म्हणाली. "मी सांगेन त्यांना."

बिद्याधरने लेकीची दोन्ही मनगटं हातात धरली. बरोबर धरली, ना घट्ट ना सैल. कुंतला ते बघत राहिली. मग वळली.

उजवीकडच्या रांगेत तिला आपले हात कुठे ठेवावे ते सुचेना. ते इतके हलके झाले होते, की आपण जमिनीवर उभ्या आहोत की अजून पाण्यावरच, याचा तिला अंदाज येईना. बायका पुढे सरकत होत्या, तशी तीही सरकत होती.

"नाव?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"झिली बेहेरा."

"वय?"

"सहा."

बाईंनी मान वर केली. कुंतलाच्या मागे पाहिलं, बाजूला पाहिलं. "मुलगी कुठेय?"

कुंतलाने डावीकडे बघितलं. बाप-लेक पुढे सरकले होते. कोणाचंही तिच्याकडे लक्ष नव्हतं.

"मुलगी नाही, मीच आलेय," ती हळू म्हणाली. "कुंतला. वय एकतीस. घरी पाठ दुखते म्हणून सांगितलंय. तुम्ही लिहा, छातीत गाठ आहे. दोन वर्षं झाली."