लाल दोरी

"बायकांनी इंजिनात हात घातला की असंच होणार!" दिरानं सगळ्या धक्क्याला ऐकवत बोटीची चावी पुन्हा फिरवली. नवरा गेल्यावर तिनं इग्निशनचं वायरिंग नव्यानं केलं होतं. आता स्टार्टर नुसताच गुरगुरत होता. प्लग पुसून झाले, पेट्रोल तपासून झालं. ती हाताची घडी घालून बघत राहिली. शेवटी चावीखाली चाचपताना तो थबकला. "इथं दादानं जोडलेली वायर कुठंय?" "कापली." "वेड लागलंय का, वहिनी? त्या वायरीमुळेच दोरीची कटकट नव्हती. दहा वर्षं झकास चालत होतं इंजिन!" तिनं खिशातून लाल दोरी काढली, चालवणारा पडला तर निसटून इंजिन बंद पाडणारी. एक टोक मनगटाला बांधलं, दुसरं चावीखालच्या खटक्यात अडकवलं. पहिल्याच चावीला इंजिन धडधडलं. "झकास चालत होतं, भावोजी. तुमचा दादा पाण्यात पडल्यावरही चालतच राहिलं."