कागद

राइस मिलच्या मशिनी बनवणाऱ्या गोंदियाच्या कंपनीत दीप्ती खरेदी पाहायची. कोहमाऱ्याच्या भोजराजने बनवून दिलेल्या चाळण्या तिने ‘भोकं मोठी आहेत’ म्हणून परत पाठवल्या. आठवड्याने कळलं, ड्रॉइंगच्या कागदावर माप तिनेच चुकीचं टाकलं होतं. दोन महिने ती गप्प राहिली. शेवटी राहवेना, तेव्हा त्याच्या वर्कशॉपवर गेली.

भोजराज लगबगीने पुढे आला. “मॅडम, आता चिंता नोका करू. भोकं माझा भाऊ पाडत होता. काढून टाकलं त्याले.”

“भोजराजभाऊ, चूक माझी होती. माप मीच चुकीचं दिलं.”

भोजराजने फळीवरून तिच्या ड्रॉइंगचा घडी घातलेला कागद काढला.

“तो म्हणून राहिला होता, मॅडमचा कागद पाहा. मी म्हणलो, मॅडम चुकत नसतात. कागद उघडूनसुद्धा पाह्यला नाही.”