जीवदान

"हा हंगाम गेला, पण पोरं तयार होतायत," संघ आणखी एक सामना हरत असताना क्लबचे अध्यक्ष उद्गारले. बाद होऊन बाहेर बसलेल्या कर्णधाराने ते विधान स्वतःच्याच शोकसभेतल्या भाषणासारखे ऐकले.

अध्यक्षांची कौतुकाची नजर नव्या चढाईपटूवर खिळली होती. पूर्वी ती कर्णधाराची मिरास होती.

'धरा त्याला!' कर्णधाराने प्रतिस्पर्ध्यांसाठी मनोमन प्रार्थना केली. त्यांनी धरलेही, पण पोराने हातांची साखळी फोडून मध्यरेषा गाठली.

कबड्डीत गुण मिळाला की आपला बाद गडी जिवंत होतो. पंचांनी कर्णधाराला आत बोलावले.

"या दादा," धापा टाकत पोरगा हसला, "तुम्हाला उठवायलाच गेलो होतो."

कर्णधार आत गेला. त्याचा इतका निर्मळ अपमान आजवर कुणी केला नव्हता.