मला काय वाटलं

वर्गाच्या वेबसाइटवर दर आठवड्याला जुन्या रोमँटिक कवींची एखादी कविता पडायची. डोंगर, वारा, पाखरं. तिच्याखाली प्रत्येकाने 'मला काय वाटलं' ते लिहायचं, बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. लेकीला काही म्हणजे काही वाटायचं नाही. मग एक डोळा दुधावर ठेवून आईच तिच्या नावाने लिहून द्यायची आणि अख्खा वर्ग "वा वा" करायचा.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरची भिंत तेवढी दिसे. सासरे अंथरुणाला खिळल्यापासून, सात वर्षांत, आईला एका रात्रीसाठीही घर सोडता आलं नव्हतं.

"तुमच्या मुलीला निसर्गाचं काय वेड आहे हो!" बाई फोनवर म्हणाल्या. "डोंगरातल्या सहलीला तिला पाठवाच."

"बाई, खरं सांगू का..." आईने सुरुवात केली, तेवढ्यात आतून सासऱ्यांची हाक आली. "पाठवते," म्हणून तिने फोन ठेवला.

सहलीच्या दुसऱ्या दिवशी ती सासऱ्यांची चादर बदलत असताना लेकीचा मेसेज आला.



"आई, तळ्यासमोर उभी आहे. बाई म्हणतात, आत्ता इथूनच लिहा. मला काय वाटतंय ते पटकन पाठव ना!"