खुंटीवरची पट्टी

"हे कुणालाच खरं वाटणार नाही," ओरेस्टने आधीच सांगून टाकलं, "पण मला दुसऱ्या संघाला दिलं, त्या दिवशी नदीसुद्धा माझ्यासाठी उभी राहिली."

"जानेवारीत ती गोठलेलीच असते, म्हाताऱ्या. पळणार कुठे?" ड्वेन म्हणाला. सभा हसली.

सस्कॅचेवान प्रांतातल्या त्या गावाने बर्फावरच्या हॉकीचं नवं मैदान बांधलं होतं. त्याला गावच्या संघाचे जुने व्यवस्थापक लॉइड यांचं नाव द्यायचं का, यावर आज हात वर व्हायचे होते. लॉइडने उतारवयातले खेळाडू गुरांसारखे हाकलले, असं ड्वेनचं म्हणणं. लॉइड मागच्या बाकावर होते, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन. वय नव्वद. दोन वर्षं झाली, कानाशी तोफ उडवली तरी मान वळत नसे.

"थोडक्यात हं, ओरेस्ट," अध्यक्षा व्हर्ना म्हणाली.

थोडक्यात सांगणं ओरेस्टच्या रक्तात नव्हतं. लॉइडचं नाव लागल्याशिवाय खाली बसायचं नाही, हे मात्र त्याने घरूनच ठरवून आणलं होतं.

"सोळा वर्षं खेळलो होतो. त्या सकाळी धुकं इतकं दाट, की शेजाऱ्याने कुंपण समजून धुक्यालाच खिळे ठोकले. त्या धुक्यातून लॉइड चालत माझ्या घरी आला. टोपी काढून स्वयंपाकघरात बसला. माझ्या बायकोने, ओल्गाने, केलेले सतरा पेरोगी खाल्ले, बटाट्याचं सारण भरलेले, उकडलेल्या करंजीसारखे."

"सतरा?" ड्वेन हसला.

"अठरावा मी लपवला. मग म्हणतो, ‘ओरेस्ट, तुझ्या बदल्यात दोन तरणे गडी मिळतायत. तू नको म्हण, हा कागद आत्ता चुलीत घालतो.’ मीच म्हटलं, जाळू नको, जातो मी."

"मग?" ड्वेनने विचारलं. या वेळी तो हसत नव्हता.

"मग बस निघाली. रस्त्याच्या दोन्ही कडांना चाळीस मैल माणसं, प्रत्येकाच्या हातात स्टिक. निरोपाला आपटतो तशी रस्त्यावर आपटत होती. ठक, ठक. खालून नदीच्या बर्फाने उत्तर दिलं. ठक, ठक. बस चालत नव्हती रे, तरंगत होती. आणि कपडे बदलायच्या खोलीत माझ्या खुंटीवर नावाची पट्टी होती ना, चिकटपट्टीची? तिला लॉइडने वर्षभर कुणाला हात लावू दिला नाही."

सांगता सांगता ओरेस्टलाही तो आवाज ऐकू येऊ लागला. एकेक हात वर जाऊ लागला. शेवटी ड्वेनचाही गेला.

"खोटं."

आवाज मागून आला, गंजलेल्या बिजागरीसारखा. सगळ्यांनी ठार बहिरे धरलेले लॉइड उभे होते. घोंगडी पायाशी पडली होती. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून पिवळी पडलेली, गुंडाळी झालेली चिकटपट्टी काढली.

"तुझ्या घरी मी कधी आलो नाही, ओरेस्ट. साधा फोनही केला नाही. तू सरावाला आलास, तेव्हा ही मी आधीच उपटली होती."