हाताचा गुण

“जरा जोरानं रगड. जेवली नाहीस का?” बातिना म्हणाली, आणि जिपारनं ओठ घट्ट मिटून सासूच्या पाठीवर भार टाकला.

संध्याकाळचा चहा झाला की हे रोजचं ठरलेलं. बातिना चुलीजवळ पालथी पडायची आणि सुनेनं सदऱ्यावरून तिची पाठ रगडायची, मानेपासून कमरेपर्यंत. सासरा इस्काक आणि नवरा तिलेक समोरच बसलेले असायचे. शेजारणी आल्या तरी यात खंड नाही. आतल्या खोलीत रगडते, असं जिपारनं एकदा सुचवून पाहिलं, तर सासू म्हणाली होती, “का? चोरी करतेयस का?”

दुखणं जुनं होतं. तिलेकच्या पाठचं बाळ गेलं त्या हिवाळ्यात ते आलं. पाहुण्यासारखं आलं आणि घरजावयासारखं राहिलं. उपायांत कसर राहिली नव्हती. इस्काकनं बायकोला इसिक-कुल सरोवराच्या काठी नेऊन तापलेल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरून ठेवलं. नुकत्याच कापलेल्या मेंढीचं ऊन ऊन कातडं तिच्या अंगाला गुंडाळलं. ते तिनं ओरडून फेकून दिलं. गरम झऱ्यावर नेलं, पिराच्या झाडाला चिंध्या बांधल्या. शहरातल्या डॉक्टरनं फोटो काढले आणि फोटोत काही दिसत नाही म्हणाला. शेवटी बातिनाच्या माहेरच्या खोऱ्यातून झूराकान नावाची वैदू बाई बोलावली. ती तासभर बातिनाशी एकटीच बोलत बसली आणि काहीही औषध न देता निघून गेली. फुकट बोलावली, म्हणून इस्काकनं तिला पुढं कितीतरी दिवस नावं ठेवली.

त्यानंतर सून घरात आली, पण घरात पाळणा काही हलेना. पहिल्यांदा लोक हळू बोलत, मग मोठ्यानं बोलायला लागले. इस्काकनं शेजारच्या गावातली एक मुलगी बघूनही ठेवली. बर्फ वितळलं की जिपारला माहेरी पोचती करायची, असं त्यानं तिलेकला सांगून टाकलं. तिलेक बापापुढं मान खाली घालणारा. तो बूट पुसत बसला. माहेरी जिपारचे आईबाप नव्हते, भाऊ-भावजय होती. परत आलेल्या मुलीला तिथं उंबऱ्याशीच जागा मिळते, हे तिला न सांगता ठाऊक होतं.

त्याच संध्याकाळी बातिनानं तिला हाक मारली. “रडतेस काय कोपऱ्यात? इकडे ये. माझी पाठ रगड.”

जिपारनं रगडली. मग बातिना उठून बसली, दम घेतला आणि नवऱ्याकडे वळली.

“हिच्या हाताला गुण आहे. इतकी वर्षं गावोगाव शोधलं, ते घरातच निघालं. आता हिला न्यायचं तर माझ्या मढ्यावरून न्या.”

इस्काकनं बायकोचं कण्हणं इतकी वर्षं उशाशी ऐकलेलं होतं. त्यानं त्या मुलीचं नाव पुन्हा काढलं नाही.

जिपार राहिली, पण सून म्हणून नव्हे, औषध म्हणून. तिला ते झोंबायचं. सासूच्या तोंडून गोड शब्द कधी यायचा नाही. रगडताना बातिना रुमालाचं टोक दातात धरून पडायची, डोळ्यांतून पाणी गळायचं. सुखाचं पाणी आहे ते, असं शेजारणी म्हणत. त्या आपापले गुडघे घेऊन जिपारकडे यायला लागल्या. हळूहळू जिपारलाही आपल्या हातांचा अभिमान वाटायला लागला. आपल्याला मूल नाही, पण हे तरी आहे.

आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, तिला दिवस गेले. मुलगा झाला. इस्काक गावभर मिठाई वाटत फिरला.

बाळाचे चाळीस दिवस सरले, तशी जिपार बाह्या सरसावून चुलीपाशी आली. इस्काक नातवाला मांडीवर घेऊन बसला होता. बातिना पालथी पडली नाही. तिनं एकदा आजोबा-नातवाकडे पाहिलं आणि म्हणाली, “पुरे आता. आजपासून माझ्या पाठीला हात लावायचा नाही.”

“आई, माझं काही चुकलं का?”

“सांगितलं ना, नको म्हणून.”

जिपारच्या मनाला ते फार लागलं. नातू मिळाला, सुनेची गरज संपली, असंच तिनं धरलं. त्या हिवाळ्यात ती सासूशी कामापुरतंच बोलली. बातिना दिवसेंदिवस वाळत गेली, पण तिनं एकदाही पाठ रगड म्हणून म्हटलं नाही, आणि जिपारनंही विचारलं नाही. वसंतात एका सकाळी बातिना उठली नाही.

मयताला आंघोळ घालायला माहेरची बाई हवी, म्हणून झूराकानला आणवलं. ती आता पार म्हातारी झाली होती. अंगणात उभारलेल्या तंबूत बायकांनी बातिनाला कुशीवर वळवलं, तशी जिपार पुढं झाली. तिचा राग केव्हाच विरघळला होता, नुसती हुरहुर उरली होती.

“पाठ मला धुऊ द्या,” ती म्हणाली. “या पाठीची नस न् नस माझ्या हाताला ठाऊक आहे. इतकी वर्षं रोज रगडलीय मी.”

झूराकानच्या हातातला तांब्या थांबला. “रगडलीस? ही पाठ?”

“रोज. त्यांना बरं वाटायचं.”

म्हातारी तिच्याकडे वळली.

“मी एकदा हिच्या पाठीला नुसतं बोट लावलं होतं, तर ही शुद्ध हरपून पडली होती. अंगावरचा सदरा सोसवत नव्हता हिला, पोरी. जीव गेला तरी कुणाला हात लावू देऊ नकोस, असं मीच बजावून गेले होते.”

तिनं जिपारचा हात धरून त्या पाठीवर ठेवला आणि वरून पाणी सोडलं.

“रगड. आज नाही दुखणार तिला.”